आसनखेड्याची बातमी

"बातमी चांगली लिहिली तू," पुंडलिक फोनवर म्हणाला. "शेवंता तं वाचता वाचता रडली. पण हे गाव कोणतं व्हय?"

कुंदा पिंपळशेंडे नागपुरातल्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत चहा घेत उभी होती. थोरल्या भावाचा प्रश्न तिला आधी नीट कळलाच नाही.

"कोणतं म्हणजे? आपलंच, दादा. आसनखेडा."

"नाई बा. इथं तं तालुक्याचं नाव लिहिलं हाये. बसस्टँडमागची वस्ती म्हणे. आणि फोटोत कोणी दुसरीच बाई हाये. शेवंता म्हणे, ही बाई बोलते ते सारं मीच बोलली होती कुंदाबाईजवळ. मग ते हिच्या तोंडी कसं आलं?"

 हे कसं झालं ते कुंदाला माहीत होतं. पण ते आसनखेड्यातल्या लोकांच्या बाबतीतही होईल, हे मात्र तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

*

पोळ्याला ती माहेरी गेली होती तेव्हा तिला पहिल्यांदा काहीतरी चुकतंय असं वाटलं. शेवंता वहिनीच्या हातची लांब पोळी सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. पातळ, सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत रुमालाएवढा करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद टाकायचा. त्या पोळ्याला वहिनीच्या पोळ्या मडक्यावर पडण्याआधीच फाटत होत्या. तिचे हात थरथरत होते. दोन पोळ्या वाया गेल्यावर तिने परात बाजूला सारली आणि घड्यातून तांब्याभर पाणी काढून घटाघट प्यायली. थोड्या वेळाने पुन्हा.

"वहिनी, शुगर तपासली का?"

"तपासली. काईच निघालं नाई." शेवंताने पदराने तोंड पुसलं. "जितकं पेतो तितकी तहान लागते, कुंदाबाई. पाणीच तहान लावून राहिलं असं वाटते. आणि मी एकटीच नाई. या गल्लीतल्या साऱ्या बायाइचं असंच हाये."

तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. कुंदाने विहिरीचं पाणी आणि वहिनीचं रक्त नागपूरच्या एका खासगी प्रयोगशाळेत नेलं, तेव्हा दोन्हींमध्ये लिथियम सापडलं. पाण्यात त्याच्या जोडीला कोबाल्टही होतं.

आसनखेड्याच्या वरच्या अंगाला बॅटऱ्या मोडायचा कारखाना होता. पेट्रोलच्या गाड्या बंद झाल्यापासून जगभरच्या मेलेल्या बॅटऱ्या जहाजांनी येत आणि तिथून अशा कारखान्यांत पोचत. बॅटऱ्या चिरडायच्या, आम्लात विरघळवायच्या, त्यातून कोबाल्ट आणि निकेल काढून घ्यायचं आणि उरलेलं लिथियमचं पाणी मोठमोठ्या तळ्यांत उन्हाने आटवायचं, असं ते काम. तळ्यांच्या तळाशी अंथरलेलं प्लास्टिक कधीतरी फाटलं होतं. लिथियमचा कण फार लहान आणि पाण्यात सहज मिसळणारा असतो. माती त्याला धरून ठेवत नाही. खडकाच्या भेगांतून तो थेट विहिरींत आला. शरीरात गेल्यावर मूत्रपिंड त्याला मीठ समजून आत घेतं आणि हळूहळू पाणी राखून ठेवायची आपली शक्ती गमावून बसतं. प्यायलेलं पाणी तसंच बाहेर जातं. माणसाला तहान लागते. तो त्याच विहिरीचं आणखी पाणी पितो आणि त्यातून आणखी लिथियम पोटात जातं. हात कापायला लागतात, गळ्याशी सूज येते आणि शेवटी मूत्रपिंड काम सोडतं.

कुंदाने बातमी लिहिली. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात पक्की बातमी होती. तिने ती दिगंतवार्ता या आपल्या वृत्तसंस्थेच्या पुण्यातल्या संपादकाकडे, निरंजन घारपुरेकडे पाठवली.

*

निरंजन वाईट माणूस नव्हता. त्याने बातमी दोनदा वाचली आणि तिला पुण्याला बोलावून घेतलं.

"आपण ही जशीच्या तशी टाकू शकतो," तो म्हणाला. "मग काय होईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

कुंदाला माहीत होतं. आटलेल्या तलावांवर, राखेखाली गेलेल्या शेतांवर ती वर्षानुवर्षं लिहीत आली होती. पूर आला, धरण फुटलं, माणसं वाहून गेली, की जगातली सगळी वर्तमानपत्रं तिच्या बातमीवर तुटून पडायची आणि आठवड्याभरात विसरून जायची. हळूहळू नासणाऱ्या पाण्याची बातमी मात्र कोणी उघडूनही बघत नसे.

असं का होतं याचा शोध काही वर्षांपूर्वी लागला होता. मेंदूविज्ञानाच्या एका प्रयोगशाळेत शेकडो वाचकांना बातम्या वाचायला देऊन त्यांच्या मेंदूतल्या हालचाली टिपल्या गेल्या. ओळखीच्या गावाचं नाव आलं की आपल्या स्वतःच्या आठवणींशी जोडलेला मेंदूचा भाग जागा व्हायचा आणि वाचक शेवटपर्यंत वाचायचा. लांबच्या गरीब देशाचं नाव आलं की ते वाक्य संपायच्या आत लक्ष विझायचं. वाचक निर्दय होते असं नाही. विचारलं तर ते मनापासून हळहळायचे. पण 'तिकडे असंच असतं' हा निकाल मेंदूने त्यांच्या नकळत आधीच देऊन टाकलेला असायचा.

त्यातून 'समीप' ही यंत्रणा आली. वार्ताहराने दिलेल्या बातमीचे ती दोन भाग करी. रसायनं, त्यांचं प्रमाण, रोगाची लक्षणं, लोक काय बोलले, हे सगळं जसंच्या तसं राही. गावाचं, नदीचं, माणसांचं नाव, चेहरे, कपडे, घरं, कारखाने हा दुसरा भाग. तो प्रत्येक वाचकासाठी वेगळा भरला जाई. बातमी वाचणारा रॉटरडॅमचा असेल तर तिथला कालवा, नैरोबीचा असेल तर तिथली वस्ती. सुरुवातीला वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असे, 'हे तुमच्याकडे घडलं असतं तर?' ती ओळ वाचली की लोक बातमी सोडून देतात असं दिसलं. मग ती बारीक होऊन तळाशी गेली. 'वाचकांच्या सोयीसाठी स्थानिक संदर्भ बदलले आहेत. मूळ बातमी इथे.'

"गावाचं नाव जाईल," कुंदा म्हणाली.

"तळाशी राहील. ज्याला हवं तो बघेल." निरंजन खुर्ची पुढे ओढून बसला. "कुंदा, लिथियम काय करतं हे जगातल्या एका माणसाला तरी आज माहीत आहे का? उद्या कोट्यवधी लोकांना कळेल. ते ओरडतील, कायदे बदलतील. तुझ्या गावाचं नाव छापून पाचशे लोकांनी वाचलं तर तुझ्या वहिनीला त्याचा काय उपयोग?"

तिने एक दिवस मागितला. त्या दिवशी ती मुळा-मुठेच्या काठाने खूप चालली आणि संध्याकाळी त्याला फोन करून हो म्हणाली.

*

निरंजनचा अंदाज खरा ठरला. त्या वर्षात कुठलीच बातमी इतकी वाचली गेली नव्हती. निरनिराळ्या शहरांत लोक पाण्याच्या बाटल्या भरून प्रयोगशाळांपुढे रांगा लावून उभे राहिले. कुठल्याशा देशाच्या संसदेत एक खासदार बातमी वाचून दाखवताना गहिवरला. त्याने आपल्या मतदारसंघातल्या गावाचं नाव घेतलं.

फक्त आसनखेड्याचं नाव कुठेच नव्हतं, आसनखेड्यातही नाही. पुंडलिकचा फोन झाल्यावर कुंदाने चौकशी केली, तेव्हा संस्थेच्या तंत्रज्ञाने तिला समजावून सांगितलं. एवढ्या लहान गावाचे फोटो, रस्ते, माणसं यांची पुरेशी माहिती यंत्रणेकडे नसते. म्हणून ती जवळचं मोठं ठिकाण घेते. गावकऱ्यांना तालुक्याची बातमी दिसली. तालुक्यातल्या लोकांनी बसस्टँडमागच्या नळाचं पाणी तपासून घेतलं. ते चांगलं निघालं.

तसं ते सगळीकडेच चांगलं निघालं. रॉटरडॅमला, नैरोबीला, खासदाराच्या गावात. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. काही जण चिडले, बरेचसे विसरून गेले.

कुंदा प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी पाणी तपासणीचे अधिकारी रणनवरे यांना भेटायला गेली. ते साधे, बोलके गृहस्थ होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"ती बातमी ना? वाचली मी," ते म्हणाले. "माझी झोप उडाली होती बघा. आमच्या वाळव्याकडची होती. आई अजून तिथंच असते. भावाला सांगून दुसऱ्याच दिवशी विहिरीचं पाणी तपासून घेतलं. काही नव्हतं, देवाची कृपा."

"साहेब, ती बातमी वाळव्याची नव्हती. आसनखेड्याची होती. मीच लिहिली होती."

रणनवऱ्यांनी अहवाल वाचला. त्यांचा चेहरा हळूहळू गंभीर झाला, तेव्हा कुंदाला क्षणभर आशा वाटली.

"हे खरं असेल तर वाईट आहे," ते म्हणाले. "पण खासगी अहवालावर मला कारवाई करता येत नाही. सरकारी नमुना घ्यावा लागेल. आणि त्या बातमीवरून आलेल्या तक्रारी घ्यायच्या नाहीत असा वरून आदेश आहे. राज्यभर तपासण्या झाल्या, सगळं शुद्ध निघालं, आमची माणसं महिनाभर दुसरं काही करू शकली नाहीत. बातमी खोटी होती असं पत्रक निघालंय."

"पण आसनखेड्यात कोणी गेलंच नाही."

"तिथून तक्रार आली नाही, मॅडम."

"तक्रार कशी येणार? त्यांना वाटलं ती दुसऱ्या गावाची बातमी आहे."

रणनवऱ्यांनी अहवाल जपून फायलीत ठेवला. मग म्हणाले, "मी प्रयत्न करतो." ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी वरच्या कार्यालयाला लिहिलं. दिवाळीनंतर फेरविचार करू, असं उत्तर आलं.

कुंदाने निरंजनला फोन केला. मूळ बातमी गावाच्या नावासकट पुन्हा द्या, म्हणाली. त्याने ती खरंच दिली. पण लोकांनी आधीच वाचून टाकलेला जुना मजकूर, अशी नोंद यंत्रणेत असल्यामुळे ती कोणाच्याच समोर आली नाही. ज्यांनी शोधून उघडली त्यांनी खाली लिहिलं, ही जुनीच अफवा नवीन गावाचं नाव लावून परत आली आहे.

"मी काय करू सांग," निरंजन म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता. "माझ्या हातात आता काही नाही."

कुंदाने फोन ठेवला. त्याच्यावर रागवायलाही तिला जोर उरला नव्हता. हो तीच म्हणाली होती.

*

दिवाळीच्या सुमाराला शेवंताची मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिसशिवाय इलाज नव्हता. सरकारी दवाखान्यात यंत्रं थोडी आणि रांग मोठी. कुंदाने तिला आपल्या घरी आणलं, होतं नव्हतं ते घालून खासगी दवाखान्यात सुरुवात केली. हे फार दिवस पुरणार नाही हे तिघांनाही कळत होतं.

मग एके दिवशी पुंडलिक नागपूरला आला. आल्या आल्या त्याने बायकोच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि कुंदाला गॅलरीत बोलावलं.

"कंपनीचा माणूस आला होता घरी," तो म्हणाला. "म्हणे, माणुसकीच्या नात्याने तुमच्या बायकोचं डायलिसिस आम्ही करून देऊ. चांगल्या दवाखान्यात. जगेल तोवर. गाडी न्याले आणाले येईल."

"आणि बदल्यात?"

"काई लिहून घेतलं नाई. फक्त म्हणे, पाण्याबद्दल घरच्या कोणी बाहेर बोलू नये. तुझं नाव घेतलं त्याने."

"दादा, बाकीच्या बायकांचं काय? त्या अजून तेच पाणी पितात. तू पितोस."

"मी सांगतो त्याइले पेऊ नका म्हणून. मग काय पेतीन? टँकर येतो मनात आलं तं." पुंडलिकने कठड्यावर हात टेकले. त्याचेही हात आता थोडे कापत होते. "तू बातमी दिली. साऱ्या जगाने वाचली म्हणते. आमच्या गावात एक माणूस आला नाई. आला तो कंपनीचाच. आता मी कोणाचं ऐकू, सांग मले."

कुंदाने त्याच्या हातांवर आपला हात ठेवला.

"आता लिहू नको, कुंदे," तो म्हणाला. लहानपणी तो तिला असं हाक मारायचा. "माह्यासाठी नाई. तिच्यासाठी."

तिने होकारार्थी मान हलवली. त्याच आठवड्यात मूळ बातमीही तिने निरंजनला काढून टाकायला लावली.

*

थंडी संपत आली असताना एका दुपारी तिला परदेशातून फोन आला. पलीकडची बाई स्पॅनिश बोलत होती. फोनमधून तिचे शब्द स्वच्छ, काहीशा पुस्तकी मराठीत ऐकू येत होते.

"माझं नाव मार्ता सेपुल्वेदा. मी चिलीच्या उत्तरेला वाळवंटात राहते. पाण्याची रसायनतज्ज्ञ होते, आता निवृत्त आहे. लिथियमवरची ती बातमी तुम्हीच लिहिली होती ना?"

"हो," कुंदा म्हणाली.

"मला ती आमच्या गावाची म्हणून दिसली. आमच्याकडे लिथियमच्या खाणी आहेत, त्यामुळे मी लगेच विश्वास ठेवला. आमचं पाणी तपासलं. त्यात लिथियम आहे, पूर्वीपासून आहे, पण थोडं. आणि कोबाल्ट अजिबात नाही. तुमच्या बातमीत दोन्ही होती. मग माझ्या लक्षात आलं, हे पाणी खाणीचं नाही, जुन्या बॅटऱ्यांचं आहे. आणि आकडे तर एकाच विहिरीचे असावेत इतके नेमके होते. सगळे म्हणाले बातमी खोटी आहे. मला तसं वाटत नाही. कुठेतरी एक गाव आहे."

कुंदा उठून उभी राहिली. एवढ्या महिन्यांत एवढा विचार एकाही माणसाने केला नव्हता.

"मी मूळ बातमी शोधली, पण आता ती काढून टाकलेली दिसते," मार्ता पुढे म्हणाली. "माझे काही सहकारी आहेत. वेगवेगळ्या देशांतले, सगळे माझ्यासारखे म्हातारे. आम्ही स्वतःच्या खर्चाने येऊ, नमुने घेऊ, आमच्या नावाने प्रसिद्ध करू. ते आम्हाला अफवा म्हणू शकणार नाहीत. मला फक्त गावाचं नाव हवं आहे."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. शेवंता खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. तिच्या दंडावरची पट्टी कुंदाला दिसत होती. परवा कंपनीच्या दवाखान्यातून आल्यापासून तिच्या चेहऱ्यावरची सूज जरा उतरली होती.

आसनखेडा. पाचच अक्षरं होती. कुंदाने तोंड उघडलं. नाव बाहेर पडलं की कधी ना कधी ते कंपनीपर्यंत पोचेल हे तिला पक्कं माहीत होतं, आणि गाडी यायची कधी बंद होईल हेही. मार्ता आणि तिची म्हातारी मंडळी कधी येतील, नमुने कधी घेतील, छापून कधी येईल आणि छापून आल्यावर ते कोणाला कुठल्या गावाचं म्हणून दिसेल, हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

"तसं एक गाव नाही," ती म्हणाली. "बऱ्याच ठिकाणचं मिळून लिहिलं होतं मी."



"आकडे मात्र..." मार्ता म्हणाली.

"आकडे एका जुन्या अहवालातले होते. माझी चूक झाली."

"असं होय," मार्ता म्हणाली. यंत्राच्या मराठीतूनही तिचा आवाज मोकळा झालेला कळत होता. "मग बरंच झालं. मला रोज वाटायचं, कुठेतरी लोक अजून ते पाणी पीत असतील. तुम्हाला त्रास दिला, माफ करा."

"त्रास कसला," कुंदा म्हणाली आणि फोन बंद केला.

ती आत गेली तेव्हा शेवंता तिच्याकडेच बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"त्या बाईले सांगायला पायजे होतं, कुंदाबाई," ती हळूच म्हणाली. "शेजारची सिंधू, तिची सून. साऱ्या तेच पाणी पेऊन राहिल्या."

"मग तुझं मशीन, वहिनी?"

शेवंताने मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. 

"हो ना," ती म्हणाली. "ते बी हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची गाडी ठरल्या वेळी खाली येऊन उभी राहिली. कुंदाने वहिनीच्या खांद्यावर शाल घातली, तिचा हात धरला आणि एकेक पायरी करत तिला जिना उतरवलं. ड्रायव्हर दार उघडून उभा होता.